अलार्म वाजला, पण दार सुटलं का?

फायर ऑडिटच्या अहवालात शेरे बरेच होते आणि बहुतेक ओळखीचे: जिन्यात खोकी ठेवलीत, एका एक्झिट साइनचा दिवा गेलाय, होजरीलच्या कपाटाची काच फुटलीये. असले शेरे आठवडाभरात मिटवता येतात. एक शेरा मात्र जेमतेम ओळीभराचा होता आणि तोच आम्हाला पुरून उरला. 'कार्डाने उघडणारी दारं फायर अलार्मला जोडलेली असल्याचं चाचणीत दिसलं नाही.'

मी आमच्या संस्थेच्या इमारतीची देखभाल बघते. मजले बरेच, जिने दोन. दारांचं म्हणाल तर ज्या विभागाला जेव्हा वाटलं तेव्हा त्याने आपल्या दाराला कार्ड रीडर बसवून घेतलेला. त्यामुळे एकाच इमारतीत इलेक्ट्रॉनिक कुलपांच्या दोन-तीन पिढ्या गुण्यागोविंदाने नांदत होत्या. कुठे मॅगलॉक, कुठे स्ट्राइक, कुठे वरून खाली पडणारा बोल्ट. अलार्म वाजल्यावर यातलं कोण काय करतं, हे एकत्र कुठेच लिहिलेलं नव्हतं.

पहिल्यांदा दोन्ही कंत्राटदारांना बोलावलं: फायर अलार्मचे आणि कार्डाच्या दारांचे, म्हणजे ॲक्सेसचे. फायर अलार्मवाले म्हणाले, "मॅडम, आमच्या पॅनेलमधून सिग्नल केव्हाच दिलाय. पुढे त्यांनी घ्यायचा." ॲक्सेसवाले म्हणाले, "आमच्या कंट्रोलरला फायर इनपुट आहे. त्यांनी सिग्नल आणून दिला की दारं उघडतील." गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत होते. पॅनेलच्या खोलीतल्या रिले मॉड्यूलवर (रिले म्हणजे विजेच्या इशाऱ्याने संपर्क जोडणारा-तोडणारा स्विच) लाल केबल व्यवस्थित आवळलेली होती. आम्ही ती डक्टमधून हुडकत वर गेलो. दुसऱ्या मजल्यावर फॉल्स सीलिंगची एक टाइल सरकवली तर केबल तिथे होती: नीट गुंडाळी केलेली, टायने बांधलेली, आणि टोकाला काळी टेप. तिच्यापासून हातभर अंतरावर ॲक्सेस कंट्रोलरचा डबा. त्यात 'फायर' लिहिलेले दोन टर्मिनल, आणि त्यांच्यात कंपनीतूनच आलेला जंपर, म्हणजे दोन्ही जोडून ठेवणारा तारेचा तुकडा, जसाच्या तसा.

एकाच्या निविदेत 'सिग्नल देणे' होतं, दुसऱ्याच्या निविदेत 'सिग्नल स्वीकारणे' होतं. 'नेणे' कोणाच्याच कामात नव्हतं. अशी कितीतरी कामं इमारतींमधून हातभर अंतरावर अडून बसलेली असतील.

आता ती केबल त्या टर्मिनलला लावली की काम झालं, असं त्या दिवशी सगळ्यांचंच मत होतं. मी थांबायला सांगितलं. आधी प्रत्येक दारापाशी जाऊन उभं राहायचं आणि एकच गोष्ट विचारायची: इथली वीज आत्ता, या क्षणी गेली, तर आतला माणूस कार्डाशिवाय, किल्लीशिवाय बाहेर पडेल का? आमचा इलेक्ट्रिशियन शिडी आणि मीटर घेऊन, मी वही घेऊन, अशी वरात निघाली.

मॅगलॉकचं उत्तर सोपं. चौकटीला विद्युतचुंबक, दाराला लोखंडी पट्टी. सर्रास मिळणारी मापं ६०० आणि १२०० पौंडांची, म्हणजे साधारण २७० आणि ५४५ किलोची पकड. एकट्या माणसाने खांदा लावून ढकललं तरी दार हलत नाही, आणि वीज तुटली की करंगळीने उघडतं. त्यात जीभ नाही, खटका नाही, स्प्रिंग नाही. पकड आहे ती सगळी चालू विजेची. हाताने दाबून धरलेलं दार हात काढला की सुटतं, तसं. अशा कुलपाला फेल-सेफ म्हणतात: वीज गेली की मोकळं.

स्ट्राइकची गोष्ट वेगळी. तो चौकटीत बसतो. दाराचं नेहमीचं लॅच आणि हँडल तसंच राहतं. कार्ड दाखवल्यावर चौकटीतला खटका सैल होतो, एवढंच. आमच्या सर्व्हर रूमचा स्ट्राइक फेल-सिक्युअर होता, म्हणजे वीज गेली तरी बाहेरून बंदच राहणारा. ऑडिटच्या माणसाने त्यावर लाल फुली मारली होती. पण आतून हँडल दाबलं की लॅच मागे जातं आणि दार उघडतं. वीज असो, नसो, अलार्म वाजो, न वाजो. बाहेर पडणाऱ्याच्या दृष्टीने इमारतीतलं ते सर्वांत भरवशाचं दार होतं, कारण त्याला कोणत्याही सिग्नलची वाटच बघायची नव्हती. बाहेरून आत येणं आणि आतून बाहेर पडणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे एकदा वहीत दोन रकाने पाडून लिहिल्यावर निम्मी भांडणं संपली.

जिन्यांच्या दारांना मात्र वेळ लागला. ती आगरोधक आहेत. धूर जिन्यात शिरू न देणं हे त्यांचं काम, म्हणून आगीत ती मिटलेली आणि लॅच लागलेली असायला हवीत. आणि तरीही कुलूपबंद असता कामा नयेत. दोन्ही एकाच वेळी. ॲक्सेसवाल्यांनी तिथे फेल-सेफ स्ट्राइक सुचवला होता. अलार्म झाला की खटका मोकळा होणार, मग लॅचला अडकायला काही राहणार नाही, आणि आगीने हवेचा दाब वाढला की दार उघडायला मोकळं. म्हणूनच आगरोधक दारांना फेल-सेफ स्ट्राइक चालत नाही. तिथे विजेवर चालणारं मॉर्टिस कुलूप (दाराच्या जाडीत बसणारं) लागतं: वीज तुटली की जिन्याच्या बाजूचं हँडल मोकळं होतं, पण लॅच आपल्या जागी राहतं. जिन्याच्या बाजूचं हँडल का, हेही समजावून सांगावं लागलं. उतरताना खालून धूर वर यायला लागला तर माणसाला मधल्या एखाद्या मजल्यावर परत शिरता आलं पाहिजे. नाहीतर तो जिन्यात कोंडला.

पॅसेजमधली जी दारं दिवसभर चुंबकाने उघडी धरून ठेवलेली असतात, तीही याच यादीत आली. त्यांचीही वीज अलार्मला तोडायचीच, पण परिणाम उलटा: ती मिटली पाहिजेत. एका तंत्रज्ञाने ही दारं आणि मॅगलॉकची दारं एकाच रिलेवर घ्यायचा विचार बोलून दाखवला. वायरिंगच्या दृष्टीने ते चाललंही असतं. पण उद्या कोणी देखभालीसाठी एक बाजू बंद ठेवली तर दुसरीही आपोआप बंद राहील. आम्ही वेगळे रिले ठेवले.

मग सुरक्षा विभागाशी बैठक. सुरक्षाप्रमुख जुने, शिस्तीचे, आणि त्यांचा मुद्दा अजिबात पोकळ नव्हता. "मॅडम, उद्या कोणी मुद्दाम भिंतीवरचा कॉल पॉइंट दाबून अलार्म वाजवला आणि सगळी इमारत उघडी पडली, तर आत कोण शिरलं आणि बाहेर काय गेलं, याचा जबाब मलाच द्यावा लागणार ना?"

मी त्यांना न्यूयॉर्कच्या ट्रायँगल शर्टवेस्ट कारखान्याची आठवण करून दिली. २५ मार्च १९११ ची आग. नवव्या मजल्यावरच्या एका जिन्याचं दार कुलूपबंद होतं. कामगारांनी जाताना माल लंपास करू नये, सगळ्यांनी एकाच दाराने झडती देऊन जावं, यासाठी. १४६ माणसं गेली. त्या दाराला कुलूप लावणाऱ्यालाही चोरीचीच चिंता होती. सर थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "ठीक आहे, पण मला माझं काम कसं करायचं ते सांगा." हे योग्यच होतं. नुसता इतिहास ऐकवून कोणाच्या डोक्यावरची जबाबदारी हलकी होत नाही.

तोडगा तुकड्यातुकड्यांनी निघाला. जिथे खरोखर मोलाच्या वस्तू आहेत त्या खोल्या (सर्व्हर, रेकॉर्ड, रसायनांचं कोठार) बाहेरून फेल-सिक्युअर आणि आतून हँडलवर. तिथे अलार्मने काहीच उघडायची गरज नाही, म्हणजे खोट्या अलार्मने तिथे कोणी शिरणारही नाही. बाकी वाटेतली दारं सुटणार. सुटलेल्या प्रत्येक दारापाशी छोटा बझर आणि कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग. अलार्म होताच दोन रक्षकांनी फाटकावर उभं राहायचं: बाहेर जाणाऱ्याला अडवायचं नाही, आत येणाऱ्याला येऊ द्यायचं नाही. कॉल पॉइंटला दारांच्या यादीतून वगळावं, असाही प्रस्ताव आला होता. अमेरिकेच्या एनएफपीए १०१ या आगसुरक्षेच्या संहितेत अशा दारांबाबत तेवढी मुभा आहे: स्प्रिंकलर किंवा डिटेक्टरमुळे अलार्म झाला तर दार सुटलंच पाहिजे, हाताने दाबलेल्या कॉल पॉइंटने सुटायलाच हवं असं बंधन नाही. आम्ही ती मुभा घेतली नाही. आमच्याकडे डिटेक्टर उशिरा जागे होतील असे कोपरे आहेत, आणि तिथे आग आधी माणसालाच दिसणार.

आता मुख्य काम, वायरिंग. यात मी सर्वांत जास्त हटून बसले.

दार उघडवायचे दोन मार्ग आहेत. एक, आग लागल्यावर कुलपाला 'उघड' असा संदेश पाठवायचा. दुसरा, सगळं ठीक असताना 'धरून ठेव' असा संदेश सतत चालू ठेवायचा आणि आग लागली की तो थांबवायचा. कागदावर दोन्हींचा निकाल एकच. फरक कळतो तो काहीतरी बिघडल्यावर. पहिल्या पद्धतीत मधली केबल उंदराने कुरतडली तर कोणाला पत्ता लागत नाही. दारं रोज छान चालतात आणि नेमकी आगीच्या दिवशी चालत नाहीत. दुसऱ्या पद्धतीत केबल तुटली की दार तिथल्या तिथे सुटतं, लोक ओरडतात, तक्रार येते, दुरुस्ती होते. मला तक्रार हवी होती.

म्हणून फायर पॅनेलच्या मॉड्यूलचा एनसी (नॉर्मली क्लोज्ड) संपर्क वापरला, एनओ (नॉर्मली ओपन) नाही. नेहमी जोडलेला, अलार्मला तुटणारा. मात्र कुलपांची वीज थेट त्यातून न्यायची नव्हती. आमच्या मॉड्यूलच्या संपर्काची क्षमता २ अँपिअर. बारा व्होल्टचं एक मॅगलॉक साधारण अर्धा अँपिअर खातं. एका मजल्यावर सहा कुलपं धरली तर तीन अँपिअर सतत त्या नाजूक पात्यांतून वाहणार. तापून ती एकमेकींना चिकटली की अलार्म झाला तरी सुटायची नाहीत. त्यामुळे मध्ये एक दणकट रिले घातला. त्याची कॉइल मॉड्यूलच्या एनसीमधून सतत चालू, आणि कुलपांची वीज त्या रिलेच्या संपर्कातून. मॉड्यूल उघडलं, केबल तुटली, कॉइल जळली, टर्मिनल सैल झालं, काहीही झालं तरी रिले पडतो, म्हणजे त्याचा संपर्क तुटतो, आणि दारं सुटतात. रिले खरोखर पडला का हे पॅनेलला कळावं म्हणून त्याचा दुसरा पोल (संपर्कांची दुसरी जोडी) इनपुट मॉड्यूलवर परत नेला. फायरवाल्यांनी याला 'एक्स्ट्रा' म्हटलं. असेल.

बॅटरीचा घोळ आधीच पकडला हे बरं झालं. एका उपकंत्राटदाराने सोपा उपाय आणला होता: अलार्म झाला की कुलपांच्या पॉवर सप्लायची मेन वीजच कॉन्टॅक्टरने (मोठ्या रिलेने) तोडू. ऐकायला बिनतोड. पण त्या डब्यात वीज गेल्यावर दारं बंद राहावीत म्हणूनच बॅटरी ठेवलेली असते, १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची. मेन तुटली की ती इमानेइतबारे कामाला लागते आणि चार कुलपं दोन-तीन तास आरामात धरून ठेवते. आगीला तेवढा वेळ पुरेसा असतो. तोडायचं ते बॅटरीच्या पुढे, सप्लाय आणि कुलूप यांच्या मध्ये. मी त्याला डबा उघडून मेनचा फ्यूज काढायला लावला. हिरवा दिवा गेला, पिवळा लागला, दार तसंच घट्ट. मग फार काही बोलावं लागलं नाही.

आणि कंट्रोलर. फायर इनपुट दिला की कंट्रोलर आपल्या प्रोग्रॅमने दारं उघडतो, काही सिस्टिममध्ये तर संदेश नेटवर्कवरून सर्व्हरकडे जातो आणि सर्व्हर इतर कंट्रोलरना सांगतो. प्रत्यक्ष आगीत सर्व्हर, स्विच, केबल यातलं काय शिल्लक असेल हे कोण सांगणार? कंट्रोलरलाही इनपुट दिला, पण तो नोंदीसाठी, आणि दार 'जबरदस्तीने उघडलं' असा ओरडा त्याने करू नये म्हणून. दार सुटणं त्याच्या मर्जीवर ठेवलं नाही. बॅटरीवर चालणारी वायरलेस कुलपं दोन केबिनना आहेत. त्यांच्यापर्यंत तार नेताच येत नाही. तिथे आतलं हँडल यांत्रिकरीत्या मोकळं आहे एवढं तपासून वहीत तसं लिहिलं.

हिरव्या डब्यांचं काम कंटाळवाणं, पण टाळता येण्यासारखं नाही. अलार्म वाजायच्या आधीही माणसाला बाहेर पडता आलं पाहिजे. दारापाशी 'एक्झिट'चं चकचकीत बटण होतं ते कंट्रोलरला जात होतं. कंट्रोलर अडकला की ते नुसतं शोभेचं. त्याच्या शेजारी हिरवा ब्रेक-ग्लास (काच दाबून चालवायचा डबा) बसवला, ज्याचा संपर्क कुलपाची वीज थेट तोडतो. एनएफपीए १०१ मध्ये अशा हाताने सोडवण्याच्या बटणाची मापं दिलेली आहेत: जमिनीपासून ४० ते ४८ इंच उंचीवर, दारापासून ६० इंचांच्या आत, आणि दाबल्यावर दार किमान ३० सेकंद मोकळं राहिलं पाहिजे. आमच्याकडे एका ठिकाणी जुना डबा फाइलींच्या कपाटामागे होता. कपाट हलवायला तार ओढण्यापेक्षा जास्त पत्रव्यवहार करावा लागला.

चाचणी सुट्टीच्या दिवशी ठेवली. धुराचा स्प्रे डिटेक्टरखाली धरला, हूटर सुरू झाले, आणि वरच्या मजल्यावरून वॉकी-टॉकीवर एकामागून एक 'सुटलं, सुटलं' येऊ लागलं. सगळ्यांचे चेहरे खुलले. तेवढ्यात पॅनेलपाशी उभ्या असलेल्या मुलाने आवाज असह्य होऊन सवयीने 'सायलेन्स' दाबलं. हूटर थांबले. आणि त्याच क्षणी माझ्या शेजारचं दार, ज्याची पट्टी चुंबकाला नुसती टेकून होती, टक् करून परत चिकटलं. मी ओढून बघितलं. हललं नाही.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. पॅनेलच्या प्रोग्रॅममध्ये दारांचं आउटपुट हूटरच्याच गटात टाकलेलं होतं, आणि हूटर सायलेन्सने थांबावेत हे तर बरोबरच. पण प्रत्यक्ष आगीत पहिल्या काही मिनिटांत पॅनेलपाशी आलेला माणूस तेच करतो: आवाज बंद करतो, म्हणजे फोनवर बोलता येईल. आणि त्या वेळी निम्मी इमारत अजून जिन्यात असते. दारं सायलेन्सने नव्हे, पॅनेल माणसाने मुद्दाम रिसेट केल्यावरच परत धरली पाहिजेत. एनएफपीए १०१ मध्येही हेच म्हटलं आहे. फायरवाल्यांच्या अभियंत्याने लॅपटॉप जोडून गट बदलला. काम पाच-दहा मिनिटांचं. पण नुसतं 'दार सुटतं का' एवढंच बघून सही केली असती तर हे कधीच दिसलं नसतं. तेव्हापासून आमच्या चाचणीत सायलेन्स दाबून दारं पुन्हा ओढून बघणं हा वेगळा टप्पा आहे.

दुसरा धडा मागच्या जिन्याच्या तळाशी मिळाला. तिथे ड्रॉप बोल्ट होता: वरच्या चौकटीतून बोटाएवढी सळई दाराच्या भोकात उतरते. अलार्म झाला, सळई वर गेली, दार उघडलं, ठीक. इलेक्ट्रिशियन म्हणाला, "मॅडम, मी आधीच दार ढकलून धरतो, मग अलार्म द्या." त्याने खांद्याने जोर लावला, अलार्म दिला, रिले पडल्याचा आवाज आला, आणि दार उघडलंच नाही. सळई भोकाच्या कडेला अडकली होती. जोर काढल्यावर सुटली. आता विचार करा: धुरात धावत आलेली माणसं दारावर जोर काढून उभी राहतील का? मागचे पुढच्यांना रेटतच असणार. तो बोल्ट आम्ही काढून टाकला आणि तिथे आडवी दांडी बसवली, छातीने ढकललं तरी उघडणारी. शिकागोच्या इरोक्वॉइस थिएटरमध्ये १९०३ साली सहाशेहून अधिक माणसं आगीत गेली. पॅनिक बार म्हणतात ती ही दांडी अमेरिकेत त्यानंतरच्या काही वर्षांत बाजारात आली. तिला विजेचा पत्ताही नसतो. एवढ्या तारा ओढल्यावर सर्वांत समाधान देणारा बदल बिनतारी निघावा याचं मला हसू आलं.

बारीकसारीक आणखी बरंच निघालं. एका मॅगलॉकची पट्टी इतकी घट्ट आवळलेली होती की तिच्या मागचं रबर वॉशर चेपून गेलेलं; ही पट्टी किंचित हलती राहावी लागते, नाहीतर ती चुंबकावर नीट टेकत नाही आणि मग पकड कमी म्हणून कोणीतरी कुलूपच बदलतं. दुसऱ्या एका कुलपावर कधीतरी कोणीतरी डायोड टाकून ठेवला होता, आणि ते दार बाकीच्यांपेक्षा किंचित उशिरा सुटायचं. डायोडमुळे कॉइलमधला प्रवाह सावकाश विरतो. त्या कुलपाच्या आत व्हॅरिस्टर (वीज तोडताना उसळणारा व्होल्टेज शोषणारा भाग) कंपनीनेच बसवलेला होता, तेव्हा डायोड काढला.

चाचणीचा क्रम आता असा ठरलाय. आधी सगळं चालू असताना अलार्म. मग मेन वीज काढून, बॅटरीवर असताना. मग कंट्रोलर बंद करून. मग नेटवर्कची केबल उपटून. शेवटी अलार्म न देता मॉड्यूलकडून येणारी केबलच सोडवून, आणि तरीही दार सुटलं पाहिजे. प्रत्येक वेळी कोणीतरी दार ढकलून धरलेलं. हे सगळं एका दिवसात सगळ्या दारांवर होत नाही, म्हणून मजले वाटून घेतलेत.

कागदावर आता एक तक्ता आहे: कुठलं डिटेक्शन झालं की कुठलं दार काय करतं. आम्ही मजल्यांनुसार दारं सोडायचा विचार सोडून दिला, एकही अलार्म पक्का झाला की वाटेतली सगळी दारं सुटतात. उंच इमारतींना टप्प्याटप्प्याने बाहेर काढावं लागतं, तिथे असं चालणार नाही, आम्हाला चालतं. आणि मधल्या केबलचं पालकत्व लेखी ठरलंय. मॉड्यूलपासून रिलेपर्यंत फायरवाले, रिलेपासून दारापर्यंत ॲक्सेसवाले, आणि रिलेचा डबा माझा. त्याची किल्ली माझ्याकडे आणि कंट्रोल रूममध्ये.

जोडणी झाल्यावर महिनाभराने तिसऱ्या मजल्यावर सीलिंगचं काम करणाऱ्या सुताराच्या करवतीने ती केबल कापली. मजल्यावरची सगळी दारं एकदम सुटली, विभागप्रमुखांचा फोन आला, सुरक्षाप्रमुखांचा फोन आला, "हे काय चाललंय मॅडम?" दुपारपर्यंत केबल जोडून झाली. मी तक्रारवहीत कारणासमोर 'अपेक्षेप्रमाणे' असं लिहिलं, ते सरांना फारसं आवडलं नाही.

अजून एक भोक उरलंय. देखभालीला येणारा तंत्रज्ञ चाचणीच्या आधी पॅनेलवरून दारांचं आउटपुट 'डिसेबल' करतो, लोकांना त्रास नको म्हणून. तसं केलं की पॅनेल मॉड्यूलला हलवतच नाही, एनसी मिटलेलाच राहतो आणि माझी सगळी साखळी गप्प बसते. पॅनेलवर पिवळा दिवा लागतो, पण तो बघणारा कोण? सध्या तरी डिसेबल करताना कंट्रोल रूमच्या वहीत वेळ आणि सही, काढताना वेळ आणि सही, आणि रात्रपाळीच्या माणसाने ड्यूटी घेताना पिवळा दिवा बघायचा, अशी सोय आहे. शिवाय नव्या केबिनच्या मागणीपत्रात एक रकाना वाढवून घेतलाय: दाराला इलेक्ट्रॉनिक कुलूप असल्यास प्रकार आणि रिले क्रमांक लिहा. मागच्याच आठवड्यात एक मागणीपत्र तो रकाना कोरा ठेवून आलं. परत पाठवलंय.